हस्तिदंती चारशेचार

माझ्या जेवणाच्या खोलीतल्या बुटक्या कपाटावर दोन गाड्या असत. दोन्ही प्यूजो चारशेचार, दोन्ही लांब पाठीच्या, सात माणसांच्या, दोन्ही हस्तिदंती रंगाच्या. ओतीव धातूच्या, खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याच्या, तळहातावर आरामात मावणाऱ्या. एक माझ्या नवऱ्याची, फेर्नांची. दुसरी त्याच्या मित्राची, मार्सोची. परकं माणूस म्हणालं असतं, अहो, एकच खेळणं दोनदा कशाला आणलंत? आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नाही ते बरं झालं. उच्चारलं असतं तर त्याला जेवायला मिळालं नसतं.

या दोघींतली खरी कुठली, म्हणजे आमच्या जुन्या गाडीसारखी हुबेहूब कुठली, यावर दर रविवारी दुपारी आमच्याकडे भांडण व्हायचं. वीसेक वर्षं चाललं ते. शेजारच्या बाईने एकदा मला विचारलंही, काही कोर्टकचेरीचं प्रकरण आहे का म्हणून.

आमच्या भागात माणूस प्यूजोच्या कारखान्यात काय करत होता ते विचारावं लागत नाही. त्याला गाडीबद्दल पाच मिनिटं बोलू द्यावं, आपोआप कळतं. फेर्नां रंगखात्यात होता. त्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे रंग, आणि रंगाला टेकू म्हणून आत थोडं लोखंड. मार्सो दारं बसवायचा. त्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे दारं, आणि दारांच्या मधे जागा उरते म्हणून तिथे बाकीचं सामान. दोघं जन्मभर एकाच गेटातून आत गेले आणि एकाच भोंग्याला बाहेर आले, पण एकाने दुसऱ्याची गाडी कधी पाहिलीच नव्हती म्हणायला हरकत नाही.

मीही तिथेच होते, सीट शिवायच्या खात्यात. मला मात्र कुणी काही विचारलं नाही.

खरी गाडी आम्ही दोन घरांत मिळून घेतली होती. आम्ही तिघं, म्हणजे फेर्नां, मी आणि आमचा मुलगा जिल. मार्सोकडचे चौघं, तो, त्याची बायको रेमाँद आणि दोन मुली. सात माणसं, सात जागा. ऑगस्टमध्ये कारखाना बंद झाला की त्याच दुपारी निघायचं, दक्षिणेला, समुद्रावर. पुढे फेर्नां आणि मार्सो, आळीपाळीने चालवत. मधल्या रांगेत रेमाँद आणि मुली. रेमाँदला मागे बसलं की मळमळायचं, म्हणून तिसऱ्या रांगेत मी आणि जिल. गुडघे हनुवटीला, पायाखाली टरबूज, मानेवर मागच्या काचेचं ऊन. पुढून फेर्नां ओरडायचा, “ओदेत, मागे जिवंत आहेस ना?” मी म्हणायचे, “नाही, केव्हाच मेले, तू चालव.” इतकी सुखी मी पुढच्या कुठल्याही सीटवर झाले नाही. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगते.

ती गाडी कधीच भंगारात गेली. मुलं पांगली. दोघं पुरुष निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी गावच्या सभागृहात जुन्या खेळण्यांचा बाजार भरला होता. दोघं दोन टोकांनी आत शिरले आणि मधे भेटले तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक हस्तिदंती चारशेचार होती. कंपन्या वेगळ्या, गाडी तीच. “ही आपली,” फेर्नां म्हणाला. “छट, ही आपली,” मार्सो म्हणाला. संध्याकाळी माझ्या टेबलावर प्लमची दारू निघाली आणि कायदा झाला: ज्याची हरेल त्याने ती जिंकणाऱ्याला द्यायची. तोवर दोन्ही आमच्याकडे, कारण रेमाँदला घरात धूळ धरणाऱ्या वस्तू चालत नसत. “एक तर ती गाडी राहील नाहीतर मी,” ती म्हणायची. मार्सो फार वेळ विचार करायचा आणि मार खायचा.

मग दर रविवारी तोच खेळ. फेर्नां गाड्या उचलून स्वयंपाकघरातल्या उत्तरेच्या खिडकीत ठेवायचा. रंग बघायचा तो उत्तरेच्या उजेडात, आभाळ भरलेलं असताना. “दिव्याखाली रंग बघणारा लग्नातही फसतो,” तो म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्याच्या गाडीचा हस्तिदंती दुधात कॉफीचा एक थेंब टाकल्यासारखा होता. मार्सोच्या गाडीत दोन थेंब पडले होते, आणि त्या एका थेंबावर फेर्नां तासभर बोलू शकत असे. मार्सो ऐकून घ्यायचा, मग डोळे मिटायचा आणि अंगठ्याचं नख दाराच्या रेषेवरून फिरवायचा. कारखान्यातली सवय. त्याच्या गाडीची रेष नखाला लागायची, सरळ आणि सारख्या खोलीची. फेर्नांच्या गाडीची मागच्या दाराशी बुजलेली. “हे दार नाही, ही सुरकुती आहे,” मार्सो म्हणायचा. “तुझ्या तोंडासारखी,” फेर्नां म्हणायचा. मी केक कापायचे.

आता मी काय केलं ते. बाजारातून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपाट पुसत होते. पुसता पुसता दोन्ही गाड्या डोळ्यांशी धरल्या आणि आत पाहिलं. सीट शिवणारी बाई दुसरं काय बघणार? मार्सोच्या गाडीत तीन रांगा होत्या. तपकिरी, शिवणीच्या रेघांसकट, तिसरी रांग मागच्या चाकांवर चढवलेली, अगदी होती तशी. फेर्नांच्या गाडीत दोनच. मागे सपाट तळ. म्हणजे खोक्यावर काही का लिहिलेलं असेना, ती सात माणसांची गाडीच नव्हती. बटाट्याची पोती वाहायची गाडी होती ती.

माझ्या एका वाक्यात निकाल लागला असता. मी फडकं झटकलं आणि गप्प बसले. रंगवाला बाहेरून बघत होता, दारवाला नखाने बघत होता, काचा इवल्याशा आणि आत अंधार. दोघांना ते दिसणार नव्हतं. आणि निकाल लागला तर रविवारचं काय? आमच्या रस्त्यावरचे बाकीचे निवृत्त पुरुष टीव्हीसमोर बसून हळूहळू सोफ्याच्या रंगाचे होत होते. मला तसला नवरा नको होता. भांडणारा हवा होता.

आधी रेमाँद गेली. मग दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, फेर्नां. छातीत दुखतंय म्हणाला, बसला, आणि संपलं.

अंत्यविधीनंतरच्या दुसऱ्या रविवारी बेल वाजली. दारात मार्सो. टोपी हातात, काखेत बुटाचा रिकामा खोका. खोका कशासाठी ते मला लगेच कळलं.

“ये,” मी म्हटलं. “बूट बदलून घ्यायला आलास का?”

“नाही गं. म्हटलं, माझी गाडी घेऊन जावी. तुझ्या कपाटावर उगाच अडगळ.”

“इतकी वर्षं अडगळ नव्हती ती?”

“इतकी वर्षं फेर्नां होता.” तो कपाटाकडे बघत नव्हता. “आता घरी धूळ बसली तरी ओरडायला कुणी नाही माझ्याकडे.”

“आणि निकाल?”

“कसला निकाल?”

“खरी कुठली त्याचा. फेर्नां हरला असं कधी ठरलं? का तो गेला म्हणून तू आपसूक जिंकलास?”

“ओदेत, मी असं म्हटलं का?”

“खोका घेऊन आलास म्हणजे तेच म्हटलंस.”

त्याने खोका खुर्चीवर ठेवला. म्हातारपणी पुरुषांच्या कानांना पटकन लाली येते, तशी त्याच्या आली होती. “आता भांडू कुणाशी? तुझ्याशी?”

“का? मला तोंड नाही?”

“तोंड आहे गं. त्याबद्दल अख्ख्या गल्लीला शंका नाही. पण तुला रंगातलं काय कळतं?”

मी दोन्ही गाड्या उचलल्या आणि उत्तरेच्या खिडकीत नेऊन ठेवल्या. आभाळ भरलेलंच होतं. मग मी बोलायला लागले. दुधाबद्दल, कॉफीच्या थेंबाबद्दल, पहिल्या हाताबद्दल आणि शेवटच्या हाताबद्दल, भट्टीतून निघाल्यावर रंग कसा एक छटा उतरतो त्याबद्दल. एकेक शब्द फेर्नांचा. केक कापता कापता सगळं पाठ झालं होतं, मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी म्हटलं, “दिव्याखाली रंग बघणारा लग्नातही फसतो.”

मार्सो हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. “हे त्याचं वाक्य आहे.”

“होतं. वारसाहक्काने माझं झालं. आता बोल, तुझ्या दारांचं काय?”

त्याने कोट काढला. डोळे मिटले, नख फिरवलं, आणि फेर्नांच्या दाराला सुरकुती म्हणाला. त्या दिवशी निकाल लागला नाही. जाताना तो खोका विसरला. मी त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले.

अशी ती दोन वर्षं. खरं सांगायचं तर सोमवार ते शनिवार मी काही फार जगत नसे. माझं घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं, घाण करायलाच कुणी उरलं नव्हतं. जिल कॅनडात, त्याचा फोन यायचा, तेव्हा माझ्याकडे दुपार आणि त्याच्याकडे घाई. एका माणसाचं जेवण करायला मला कधी जमलंच नाही. दोघांचं करायचे, अर्धं खायचे, उरलेलं दुसऱ्या दिवशी खाताना चिडायचे. रेडिओ दिवसभर चालू. रेडिओवरची बाई “सुप्रभात” म्हणाली की मी “सुप्रभात” म्हणायचे, इथवर मजल गेली होती.

मार्सो मला आवडायचा का, असं कोरिनने, त्याच्या थोरल्या मुलीने, एकदा आडून विचारलं होतं. आवडायचा. लग्न करण्याइतका की नाही, या भानगडीत मी पडले नाही. पण एक गोष्ट मला स्वच्छ माहीत होती. रविवारी तीनला ती बेल वाजली नाही, तर मी स्वयंपाकघरात मरून पडले तरी कुणाला पत्ता लागणार नव्हता. म्हणून शुक्रवारपासूनच मी नवीन मुद्दे जमवायला लागायचे. कधी चाकाच्या टोपीवरून, कधी बंपरच्या चकाकीवरून. शनिवारी धुरातलं सॉसेज आणायचे, बटाटे उकडायचे, वर आमच्याकडचं ते पातळ ओघळणारं चीज. मार्सो बेकरीतून केक आणायचा आणि दर वेळी म्हणायचा, “हरणाऱ्याकडून.” मी म्हणायचे, “मग कबूल कर की.” तो म्हणायचा, “केक हरलाय, मी नाही.”

एकदा मात्र सगळं उघडं पडता पडता राहिलं. शरद ऋतूतला रविवार होता, ऊन तिरपं आत आलं होतं. मी कॉफी घेऊन वळले तर मार्सो फेर्नांची गाडी डोळ्याला लावून बसलेला, एक डोळा मिटून, काचेतून आत बघत. कॅमेऱ्यात बघावं तसा. तो हलेचना.

“कॉफी गार होतेय!” मी इतक्या जोरात ओरडले की बशी वाजली.

त्याने गाडी सावकाश खाली ठेवली. “काचा पुसत जा गं,” तो म्हणाला. “काही दिसत नाही.”

“तुझा चष्मा पुसत जा,” मी म्हटलं, आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या दारांचं थोडं कौतुक केलं. माणसाने इतकं उघड पडू नये, पण भीतीने बुद्धी जाते.

यंदा मार्चमध्ये मार्सो स्वतःच्या जिन्यावरून पडला. हाड मोडलं नाही, पण बराच वेळ तो तिथे तसाच बसून होता, पोस्टमन येईपर्यंत. कोरिनचा मला दक्षिणेतल्या तुलाँहून फोन आला.

“ओदेत मावशी, तू त्याला सांग ना. माझं ऐकत नाही तो. इथे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वृद्धांचं घर आहे, चांगलं आहे, बाग आहे. मी रोज जाऊ शकेन.”

“मी काय सांगू?”

“तुझं ऐकेल. म्हणतो, रविवारी मला काम असतं.”

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी राहिले. मला म्हणायचं होतं, हो, त्याला काम असतं, त्याला राहू दे. पण तो जिन्यावर बसलेला मला दिसत होता. “बघते,” मी म्हटलं. आणि पुढच्या रविवारी मी त्याला काहीच सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चाकाच्या टोप्यांवर बोलत राहिले.

मग तो मेमधला रविवार. मार्सो उशिरा आला, काठी घेऊन. केक नव्हता. कोट काढला नाही. बाहेर पाऊस भुरभुरत होता म्हणून मी दिवा लावला होता. तो खिडकीपर्यंत गेलाच नाही. टेबलाशी बसला, कपाटावरून गाड्या आणायला लावल्या, दोन्ही एकेकदा हातात घेतल्या, आपल्या गाडीच्या दारावरून नख फिरवलं, एकदाच, आणि तिला टेबलावर माझ्याकडे सरकवलं.

“फेर्नांची खरी,” तो म्हणाला. “रंग बरोबर आहे. हरलो.”

इतक्या वर्षांत आमच्या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता. जिंकल्यावर काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी त्याच्या कोटाच्या बंद बटणांकडे बघितलं आणि सगळं कळलं.

“कधी निघतोस?” मी विचारलं.

“आत्ताच. कोरिन बाहेर गाडीत आहे. मी म्हटलं, दहा मिनिटं दे.” तो काठीच्या मुठीशी चाळा करत होता. “खोलीतून समुद्र दिसतो म्हणे. खुर्चीवर उभं राहिलं तर.”

“या गुडघ्यांनी तू खुर्चीवर उभा राहणार?”

“म्हणून तर दिसणार नाही.”

मला हसू आलं नाही, राग आला. “आणि हे असं हरतात? दिव्याखाली रंग बघून? उठ, खिडकीत चल. नीट बघ आणि नीट भांड. फेर्नां असता तर त्याने असला निकाल घेतला नसता.”

“हरणाऱ्याला कारण विचारत नाहीत, ओदेत.”

“मी विचारते.”

“तू सगळंच विचारतेस.” त्याने त्याची गाडी आणखी थोडी माझ्याकडे सरकवली, तिचं तोंड माझ्याकडे करून. “कायदा तो कायदा. ही आता तुझी.”

बाहेर हॉर्न वाजला. त्याला हात हलवत जाऊ द्यायचं, हे माझ्याच्याने होईना. मी आत गेले, बुटाच्या खोक्यातले चिमटे ओट्यावर ओतले, फेर्नांची गाडी पेपरात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि खोका त्याच्या छातीशी दाबला.

“ही तर जिंकलेली,” तो म्हणाला. तो खरोखर गडबडला होता.

“जिंकलेली आहे म्हणजे माझी आहे. माझी आहे म्हणजे मी वाटेल त्याला देईन. तिथे रंगावर बोलायला कुणी भेटलं तर दाखव.”

दारात त्याने मला जवळ घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, नेहमीसारखेच, फक्त नंतर लगेच सोडलं नाही. कोरिनची गाडी परदेशी कंपनीची. मी म्हटलं, “ह्या गाडीत बसून कारखान्यावरून जाऊ नका, लाज वाटेल. मागच्या रस्त्याने जा.” मार्सो काचेआडून हसला. खोका त्याच्या मांडीवर होता.

त्यानंतरच्या रविवारी मी सॉसेज आणलं नाही. तरी तीन वाजता केसांवरून कंगवा फिरवला. सवय. मग बसून राहिले. कपाटावर एकच गाडी होती आणि शेजारी लाकडाचा रंग न उडालेला लांबट चौकोन. दोन गाड्या असतात तेव्हा माणूस एकीकडे बघून दुसरीबद्दल बोलू शकतो. एकीचं काय करायचं? मी ती उचलली आणि उत्तरेच्या खिडकीत नेली. दोन वर्षं मी तिला नावं ठेवली होती. आता डोळ्याशी धरून आत पाहिलं.

तिसरी रांग तिथेच होती. खऱ्या गाडीत त्याच सीटच्या कडेची शिवण मी घातलेली असायची, सुई बोटात घुसायची ती जागासुद्धा मला आठवते. डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला जिल. मधल्या रांगेत रेमाँद आणि मुली. पुढे ते दोघं. मी गाडी इकडून तिकडे फिरवली. सगळ्या सीट रिकाम्या होत्या. मागे जिवंत आहेस ना, असं विचारायला कुणी नव्हतं. मी तिथेच खिडकीशी उभी राहून रडले, मोठ्याने, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

रडून झाल्यावर पुन्हा राग आला. माझा राग नेहमी नंतर येतो आणि मग थांबत नाही. मी तुलाँच्या त्या वृद्धांच्या घरी फोन लावला. फोन घेणाऱ्या मुलीने मला बराच वेळ संगीत ऐकवलं. मग काठीचा आवाज, श्वास, आणि मार्सो.

“कोण?”

“कोण म्हणजे? रविवार आहे. तीन वाजून गेलेत.”

“ओदेत.” नुसतं नाव घेऊन तो थांबला. मग म्हणाला, “समुद्र दिसत नाही.”

“समुद्र खड्ड्यात गेला. ऐक. तू हरलाच नाहीस. निकाल चुकलाय.” माझा आवाज चढला होता. “तुझ्याजवळ जी गाडी आहे ना, फेर्नांची, तिच्यात आत बघ. तिला तिसरी रांगच नाही. कधीच नव्हती. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ती आपली गाडीच नाही, मार्सो. तू घेऊन गेलास त्या गाडीत मला बसायला जागासुद्धा नाही.”

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढली. टीव्ही चालू होता कुठेतरी.

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“रांग नाही ते. तू कॉफी गार होतेय म्हणून ओरडलीस ना, त्या दिवशी बघितलं. ऊन बरोबर आत पडलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललास? एका वाक्यात जिंकला असतास.”

“जिंकून रविवारी कुठे गेलो असतो?”

हे तर माझंच उत्तर होतं.

“बरं,” मी शेवटी म्हटलं. “पण जाताना? जाताना तर कुठे जायचं ते ठरलंच होतं. तेव्हा तरी खरं सांगून जिंकायचंस. दोन्ही गाड्या तुझ्या झाल्या असत्या.”

“दोन्ही झाल्या असत्या, म्हणूनच हरलो.” तो खोकला. त्याला फोनवर बोलायची सवय नाही, शब्द शोधत होता. “तुझी सीट माझ्याबरोबर इथे आली असती, ओदेत. तू थोडीच आली असतीस?”

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. मी गाडी हातात धरून तशीच बसले होते, अंगठ्याचं नख मागच्या दाराच्या रेषेवर. रेष सरळ होती. बाहेर आभाळ भरलेलं होतं आणि खिडकीत उत्तरेचा उजेड पडला होता, रंग बघायला अगदी हवा तसा.